फूटपट्टी गुडघ्यांवर

हां, तर काल कुठवर आलो होतो? कप फुटला, तिथवर. मग पुढचं ऐका, कारण खरा धक्का पुढंच आहे.

कप मी फोडला होता. कॉन्व्हेंटच्या जेवणघराचं दार खाली फरशीला घासत होतं. ते बिजागरीतून काढलं, खांद्यावर घेतलं, वळलो, आणि दाराच्या टोकानं टेबलाच्या कडेवरचा कप उडवला. कान एकीकडे, कप दुसरीकडे. आणि कप कुणाचा? मोठ्या सिस्टरांचा, म्हणजे आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेचा. सहाशे मुली, बावीस शिक्षिका, एक चौकीदार आणि मी शाळेचा मिस्त्री, असे सगळे जण ज्यांच्या चपलेचा आवाज आला की श्वास आत घ्यायचे, त्या बाईंचा. मी मनात म्हटलं, संपलं. उचला हत्यारांची पेटी आणि धरा घरचा रस्ता.

त्या आल्या. पाहिलं. तुटलेला कान उचलला. खिशात घातला आणि निघून गेल्या.

शुक्रवार होता. थोड्या वेळानं घंटा झाली आणि सात-आठ सिस्टर जेवणघरात येऊन भिंतीकडेनं उभ्या राहिल्या. मी दार परत बसवत होतो, अर्धं लागलेलं, सोडून जाताही येईना. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या ताडमाड बाई खोलीच्या मधोमध गुडघ्यांवर बसल्या. हातात कपाचा कान. समोर कोण, तर स्वयंपाकघर सांभाळणारी बावीस वर्षांची पोरगेली सिस्टर, दोन महिन्यांपूर्वी आलेली. ती म्हणाली, "सिस्टर, तुम्ही कप कडेला ठेवता. मी तिसऱ्यांदा सांगतेय."

"ठेवते," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "माझा दोष आहे."

माझ्या हातातला स्क्रू खाली पडला. मी तोंड उघडलं, "अहो, पण तो तर मी..."

त्यांनी नुसती एक भुवई वर केली. माझं तोंड आपोआप मिटलं. त्या भुवईनं शाळेची अख्खी सहावी ब गप्प व्हायची, तिथं माझी काय कथा!

दुसऱ्या दिवशी बाकांना रंधा मारताना मी विषय काढला. सिस्टरांना लाकडाच्या भुशाचा वास फार आवडायचा. रोज चार वाजता शाळेची फेरी मारून त्या माझ्या शेडमध्ये पाच मिनिटं उभ्या राहायच्या, आणि तेवढ्यात जे बोलायच्या ते दिवसभरात कुणाशी बोलत नसत. म्हणाल्या, "मिस्त्री, दर शुक्रवारी आम्ही आपापले दोष सांगतो. मनातली पापं नाहीत, ती फादरकडे. इथं बाहेरची. भांडं फुटलं, दार आपटलं, कुणावर खेकसलं. आणि कुणी आपली चूक दाखवली, तर उलट उत्तर द्यायचं नाही. निम्मी खरी असली तरी."

"आणि मुळीच खरी नसली तर?"

"तरी नाही. गप्प राहायला शिकायचं असतं."

"सिस्टर, हा नियम आमच्या घरी लावला तर बायको दोन दिवसांत गुदमरेल."

"आणि तुम्ही?"

"मी तर लग्न झाल्या दिवसापासून हाच नियम पाळतोय."

त्या हसल्या. हसताना त्यांचा पुढचा एक दात वाकडा दिसायचा. तो दात पाहिलेली माणसं शाळेत फार थोडी.

आता या बाई आल्या कुठून, ते सांगतो. वडील रेल्वेचे फाटकवाले. रुळाच्या कडेला दोन खोल्यांचं घर, परसात कोंबड्या. ही पोर मालगाडीचे डबे मोजत बेरीज शिकली, आणि डबे उलटे मोजत वजाबाकी. शाळेत पहिली यायची. एकोणिसाव्या वर्षी तिनं घरी सांगितलं, मी सिस्टर होणार. घरात जणू वीज पडली. आईनं चार दिवस फक्त कोंबड्यांशी बोलणं ठेवलं. आत्या तडक येऊन म्हणाली, "चेहरा तर चांगला आहे, मग कशाला?" धाकटा भाऊ रडायला लागला, कारण त्याची गणितं आता कोण सोडवणार. वडिलांनी मात्र एवढंच विचारलं, "तिथं सुट्टी मिळते का?"

"वर्षातून एकदा."

"मग आमच्यापेक्षा बरी नोकरी आहे," ते म्हणाले, आणि उठून फाटक पाडायला गेले. सिस्टर सांगायच्या, "त्या दिवशी त्यांनी गाडी यायच्या दहा मिनिटं आधीच फाटक पाडलं. दोन्हीकडे बैलगाड्या थांबल्या, लोक ओरडत होते, आणि बाबा पाठमोरे उभे. तेव्हा मला कळलं, त्यांना काय झालंय ते."

पुढं गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रतं झाली, शिकवण्याची पदवी झाली, आणि चौतिसाव्या वर्षी त्या आमच्या शाळेत मुख्याध्यापिका होऊन आल्या. पहिल्या दिवशी काय केलं असेल? भाषण नाही, सभा नाही. हातात फूटपट्टी घेऊन पहिलीच्या वर्गात शिरल्या, जमिनीवर बसल्या आणि एकेका पोरीचा गुडघा जमिनीपासून किती उंच आहे ते मोजायला लागल्या. शिक्षिका दारात दगडासारख्या. वर्गामागून वर्ग. संध्याकाळी मला बोलावलं. "मिस्त्री, शाळेतली सगळी बाकं एकाच उंचीची आहेत. लहान मुलींचे पाय दिवसभर हवेत लोंबतात. ज्या मुलीचे पाय जमिनीला टेकत नाहीत तिचं लक्ष कुठं टेकणार? तीन उंच्यांची बाकं हवीत." मी सोळा वर्षं बाकं बनवत होतो. माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. लाज वाटली, खरं सांगतो. त्या दिवसापासून मुलींनी त्यांचं नाव ठेवलं फूटपट्टी. एक तर मोजत फिरायच्या, दुसरं म्हणजे तशाच सरळसोट.

आणि विसरायच्या आत सांगून टाकतो, कारण मला तो धक्का अजून पचलेला नाही. याच बाई पुढं त्यांच्या सिस्टरांच्या संघाच्या सगळ्यात मोठ्या मदर झाल्या. दारं बंद करून सिस्टरांनी मतांच्या चिठ्ठ्या टाकल्या, नाव यांचं निघालं. एकोणीस शाळा, तीन दवाखाने, सहा वर्षं. मुदत संपली त्या दिवशी एक बॅग घेऊन आमच्या फाटकात उभ्या. तेव्हा मुख्याध्यापिका होती त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान सिस्टर. यांनी तिला विचारलं, "मला कुठला वर्ग देता?" तिनंही बेधडक सांगितलं, "बालवर्ग. आणि दुधाचे पेले धुवायला एक माणूस कमी आहे."  कालपर्यंत जिच्या सहीनं एकोणीस शाळा हलायच्या ती बाई बाह्या वर करून पेले विसळतेय! मी म्हटलं, सिस्टर, हे काय? तर म्हणतात, "मिस्त्री, पेल्यांच्या तळाशी साय राहते, बोटानं काढावी लागते." मला हे विचारायचं नव्हतं, पण त्यांना तेवढंच सांगायचं होतं.

असो. मूळ गोष्ट त्याच्या बरीच आधीची, त्या मुख्याध्यापिका होत्या तेव्हाची. 

सिस्टरांच्या टेबलामागच्या भिंतीवर प्रत्येक वर्गाचा नकाशा असायचा. कुठल्या बाकावर कोण, ते शाईनं, त्यांच्या स्वतःच्या अक्षरात. परीक्षेचा नकाशा वेगळा, त्यात एका बाकावर एकच मुलगी. नकाशावर बोट ठेवून त्या सांगायच्या, "सातवी ब, खिडकीची रांग, चौथं बाक. हिला आज सर्दी आहे." आणि खरंच असायची. त्या नकाशावर त्यांचा देवाखालोखाल विश्वास.

दुसरं म्हणजे तो कॉन्व्हेंटचा नियम त्यांनी शाळेत आणला होता. मुलीला बोलणी बसत असताना तिनं उलट बोलायचं नाही. सिस्टरांना वाटायचं, यानं मुलींना धीर धरायची सवय लागेल. शिक्षिकांनाही बरंच होतं. मलाही तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही, हे कबूल करतो.

आता या गोष्टीतली शिट्टी कोण, ते ऐका. शाळेच्या कोपऱ्यावर हातगाडीवर कपड्यांना इस्त्री करणाऱ्या बाईंची ही लेक. दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारायची की चौकीदार फाटक उघडायला धावायचा, म्हणून सगळे तिला शिट्टीच म्हणायचे. आमच्या गल्लीतली एकही मुलगी तोवर शालान्त परीक्षेपर्यंत पोचली नव्हती. ही पोचली. पहिलीपासून सिस्टरांच्या हाताखाली, गणितात एकदम पक्की. सिस्टरांचा तिच्यावर जीव, पण तो दिसायचा कसा? तर इतरांना एक गणित, हिला तीन.

शालान्त परीक्षेच्या आधी शाळेची सराव परीक्षा झाली. गणिताच्या पेपरात शिट्टी आणि डॉक्टरांची लेक या दोघींनी एकाच गणितात छप्पन्नातून अठरा वजा करून अठ्ठेचाळीस लिहिले होते. आणि पुढची आठ ओळींची मांडणी, खाडाखोडीसकट, तंतोतंत सारखी. सिस्टरांनी नकाशा काढला. खिडकीची रांग. तिसऱ्या बाकावर डॉक्टरांची लेक, तिच्या मागं चौथ्यावर शिट्टी. पुढचीनं मागं वळून कॉपी केली असती तर देखरेखीच्या बाईंना दिसली असती. मागचीनं पुढं मान लांबवली तर कोण बघतंय? निकाल लागला. शिट्टीला ऑफिसात बोलावून नकाशा दाखवला, आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी सहाशे जणींसमोर सांगितलं: या मुलीनं कॉपी केली, हिचा परीक्षेचा फॉर्म जाणार नाही. कुणाची कॉपी, ते सांगितलं नाही. शिट्टी मान खाली घालून उभी होती. एक शब्द बोलली नाही.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी तो आठवडा गावाला गेलो होतो. शनिवारी परत आलो, पेटी घेऊन शाळेकडे निघालो, तर सकाळी अकरा वाजता शिट्टी आईच्या गाडीपाशी उभी राहून शर्टांच्या कॉलरी दाबतेय.

"काय गं, शाळा?"

तिनं पुढचा शर्ट ओढला. आई म्हणाली, "तिला काय विचारता मिस्त्रीभाऊ? चोर ठरवलीय तिला. सोमवारी फॉर्मची शेवटची तारीख. वर्ष गेलं की हिचा मामा शिलाईच्या कारखान्यात चिकटवणार आहे. आणि तिथं गेलेली पोर पुन्हा शाळेत येते का कधी?"

"कॉपी? कुणाची?"

"पुढच्या बाकावरच्या डॉक्टरांच्या पोरीची म्हणे."

"पुढच्या?" मी म्हटलं. "पुढं कोण होतं? पुढं तर बाकच नव्हतं!"

बाईंच्या हातातली इस्त्री हवेत थांबली.

अहो, गणिताच्या पेपराच्या दिवशी सकाळी सिस्टरांनीच मला वऱ्हांड्यातून आवाज दिला होता, "मिस्त्री, दहावी अ मधलं ते डुलणारं बाक घंटेच्या आधी बाहेर काढा!" डुलणारं ते हेच, खिडकीच्या रांगेतलं तिसरं. मी ते उचललं. डॉक्टरांची लेक तिथं कंपासपेटी घेऊन उभी होती. त्या रांगेत शेवटचं, पाचवं बाक रिकामं होतं. मीच तिला म्हटलं, "बाळ, तू मागं पाचव्यावर बस." म्हणजे शिट्टी पुढं आणि ती मागं! देखरेखीच्या बाई पेपरांचा गठ्ठा घेऊन नंतर आल्या. आणि भिंतीवरचा नकाशा होता तसाच राहिला.

 मी शिट्टीला म्हटलं, "पोरी, तू सांगितलं का नाहीस?"

"उलट बोलायचं नाही," ती म्हणाली. "सिस्टरांनीच शिकवलंय." मग कॉलर उलटी करून इस्त्री अशी दाबली की वाफ फसफसली. "आणि दहा वर्षं मला बघतायत त्या. मी सांगायला कशाला पाहिजे?"

मी शाळेकडे पळालो. या वयात पळालो, म्हणजे तेव्हाच्या वयात. सिस्टर ऑफिसात. मी एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे नकाशावर बोट ठेवलं. "मिस्त्री, तिसऱ्या बाकावर ही आहे."

"कागदावर आहे, सिस्टर. बाक माझ्या शेडमध्ये आहे."

त्या उठल्या. शेडमध्ये ते बाक आडवं पडलेलं, एक पाय निखळलेला. दुरुस्तीला आलेल्या वस्तूवर मी खडूनं तारीख आणि वेळ टाकतो, ही माझी जुनी सवय. फळीच्या खालच्या बाजूला लिहिलेलं होतं: परीक्षेची तारीख, सकाळी पावणेआठ, दहावी अ, खिडकी, तीन.

सिस्टरांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग अगदी हळू तारखेवरून बोट फिरवलं, जणू ती पुसली जाते का ते बघत होत्या. आणि जिना उतरताना माणसाची शेवटची पायरी चुकावी तशा एकदम भुशाच्या ढिगावर बसल्या. पांढऱ्या झग्याला भुसा लागला. चेहरा पाहवेना. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ती गप्प उभी होती, मिस्त्री. मला वाटलं, कबूल आहे म्हणून गप्प आहे."

मी बाक उचलून भिंतीला टेकवलं.

तशाच उठल्या आणि चालत कोपऱ्यावरच्या गाडीपाशी गेल्या. मी मागं मागं. शिट्टी कपडे पोचवायला गेली होती. सिस्टर तिच्या आईला म्हणाल्या, "माझं चुकलं. मी तुमची माफी मागते."

बाईंनी इस्त्री टेकवली. "सिस्टर, सहाशे जणींसमोर म्हणालात ना? मग माफी इथं गाडीपाशी कशाला? मी काय, मी ऐकून घेईन. माझ्या पोरीला फाटकातून हसल्या त्या पोरी ऐकायला इथं येणार आहेत का?"

आजवर सिस्टरांशी असं कुणी बोललं नव्हतं. मी डोळे मिटून घेतले. उघडले तर सिस्टर मान हलवत होत्या. "बरोबर आहे तुमचं. सोमवारी प्रार्थनेला या. तिला घेऊन या."

रविवारी डॉक्टर आले. ते पालक समितीचे अध्यक्ष. शेजारच्याच खोलीत मी बाकाला पाय बसवत होतो, सगळं ऐकू येत होतं. सिस्टरांनी फोन करून त्यांना सांगितलं होतं. डॉक्टर म्हणाले, "फॉर्म गुपचूप भरून टाका. कशाला बोभाटा? तुम्ही चुकलात असं म्हणालात की लोक विचारतील, मग कॉपी केली कुणी? माझ्या मुलीचं नाव येईल."

"तुमच्या मुलीचं नाव येणार नाही. मी तिच्याबद्दल बोलणार नाही. माझ्याबद्दल बोलणार आहे."

"तुमची जागा काय आहे, कळतंय का तुम्हाला? मुख्याध्यापिका असं बोलायला लागल्या तर उद्या मुली ऐकतील तुमचं?"

"ते मला माहीत नाही, डॉक्टर," सिस्टर म्हणाल्या. "ते मंगळवारी कळेल. सोमवारचं मला माहीत आहे."

आणि सोमवार उजाडला. प्रार्थना झाली. सहाशे मुली रांगेत, शिक्षिका बाजूला, फाटकापाशी शिट्टी आणि तिची आई. सिस्टर पायऱ्यांवर आल्या. नेहमी तिथंच उभ्या राहून बोलायच्या. त्या दिवशी थांबल्या नाहीत. पायऱ्या उतरल्या, पटांगणात आल्या, मुलींच्या मधून चालत फाटकापर्यंत गेल्या, शिट्टीच्या समोर. आणि गुडघ्यांवर बसल्या. सिमेंटवर.

मी एकदा तसं पाहिलेलं होतं, जेवणघरात.  ज्यांनी पाहिलं नव्हतं त्यांचं विचारूच नका. एका शिक्षिकेच्या हातातून हजेरीपुस्तक पडलं, आणि तो आवाज अख्ख्या पटांगणाला ऐकू गेला. पहिलीतली एक चिमुरडी रडायला लागली, तिला वाटलं, सिस्टर पडल्या. चौकीदार धावत आला आणि मध्येच थबकला. 

"मी माझा दोष सांगते," सिस्टर म्हणाल्या, मोठ्यानं, वर्गात बोलायच्या त्याच आवाजात. "या मुलीनं कॉपी केली नाही. मी कागद पाहिला, मुलीकडे पाहिलं नाही. ती गप्प राहिली, कारण गप्प राहायचा नियम मीच तिला शिकवला. तिच्या गप्प राहण्याचा मी उलटा अर्थ लावला. चूक माझी एकटीची आहे. मी तुम्हा सगळ्यांसमोर तिची माफी मागते."

डॉक्टरांची लेक चौथ्या रांगेत होती. तिचा चेहरा कागदासारखा झाला होता. सिस्टरांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या दिवशी नाही, नंतरही कधी नाही. ती पोर स्वतःहून त्यांच्याकडे कधी गेली की नाही, ते मला माहीत नाही, आणि मी विचारलंही नाही.

आता सगळ्यांना वाटलं, शिट्टी रडेल, सिस्टरांना उठवेल, गळ्यात पडेल. मलाही वाटलं. पण झालं भलतंच. शिट्टी दोन पावलं मागं सरली, वळली आणि फाटकातून बाहेर पडून चालायला लागली. आई ओरडली, "अगं ए!" ती थांबली नाही.

सिस्टर गुडघ्यांवर तशाच.  मी मनात म्हटलं, गेलं. फॉर्म गेला, वर्ष गेलं, पोरगी गेली.

परीक्षा कार्यालयाची फॉर्म घ्यायची खिडकी साडेचारला बंद व्हायची. सिस्टरांनी सकाळचे तास घेतले. होय, घेतले! गुडघ्यावर झग्याला सिमेंटचा डाग, आणि नववीला भूमितीचं प्रमेय शिकवलं. कुणी हूं की चूं केलं नाही. दीड वाजता फॉर्म घडी करून हातात घेतला आणि कोपऱ्यावर गेल्या. गाडीपाशी तीन गिऱ्हाईकं होती. त्या रांगेत उभ्या राहिल्या, चौथ्या.

गिऱ्हाईकं गेली. शिट्टीनं पुढचा शर्ट घेतला. सिस्टरांना काही विचारलं नाही.  आई मध्ये पडायला लागली, तर सिस्टरांनी हातानं थांबवलं. ऊन वाढत होतं. नवीन गिऱ्हाईक आलं की सिस्टर मागं सरकायच्या आणि त्याला पुढं करायच्या. एका शिपायानं विचारलं, "सिस्टर, तुमचे कपडे कुठायत?" त्या म्हणाल्या, "माझे कपडे नाहीत, कागद आहे." तो काही न समजून निघून गेला.

अडीच वाजले. तीन वाजले. मी समोरच्या ओट्यावर बसून घड्याळ बघत होतो आणि स्वतःशीच चरफडत होतो. एकदा उठून गेलोही. "पोरी, हट्ट किती करशील?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मिस्त्रीकाका, तुम्ही बाक दुरुस्त करा." सिस्टरांच्या ओठाचा कोपरा हलला.

साडेतीनला शिट्टीनं इस्त्री उभी केली. पहिल्यांदा वर पाहिलं.

"तुम्ही मला ओळखत होतात," ती म्हणाली. "पहिलीपासून."

"हो."

"छप्पन्नातून अठरा गेले की किती, हे मला येत नाही असं वाटलं तुम्हाला?"

"नाही. तू तिथं चुकलीस हे खरं आहे. घाईत. तू घाईत वजाबाकीच चुकतेस, चौथीपासून. ते मी त्याच वेळी ओळखायला हवं होतं. ती चूक तुझीच होती, तिची असूच शकत नव्हती."

 शिट्टीनं हाताच्या उलट्या बाजूनं नाक पुसलं आणि एकदम चढ्या आवाजात सुरू झाली. दहा वर्षांत जे बोलली नव्हती ते सगळं. तीन-तीन गणितं काय म्हणून, मैत्रिणींसमोर वही का फाडली होती, आईला फाटकाबाहेर उभं का केलं होतं, फाटकातून मुली हसल्या तेव्हा कुठं होतात. गल्ली गोळा झाली. आई तोंडाला पदर लावून उभी. सिस्टर एकेक ऐकत होत्या. एकदाही "पण" म्हणाल्या नाहीत.

शेवटी शिट्टी दमली. श्वास घेतला, फॉर्मकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "आणि मी परत शाळेत आले, आणि तुम्ही पुन्हा कधी मला चुकीचं बोललात, तर? तर मी गप्प बसणार नाही. तिथल्या तिथं तोंडावर बोलेन. चालेल?"

 चारला दहा मिनिटं कमी. शिट्टीची कपडे पोचवायची सायकल भिंतीला टेकवलेली. सिस्टरांनी एकदा सायकलीकडे पाहिलं, खिशातून पेन काढलं, टोपण उघडून तिच्यापुढं धरलं, आणि म्हणाल्या:

"बोल. मी ऐकलं नाही तर आणखी मोठ्यानं बोल. आता सही कर, साडेचारला खिडकी बंद होते. सायकल तू चालव, मी मागं बसते, आणि वाटेत मी ओरडले तर ते रागानं नाही, भीतीनं ओरडतेय असं समज."